धुरींच्या मांगरातल्या पट्ट्याची जबानी

मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे, मित्रांनो. बंदूक खांद्याला अडकवता यावी म्हणून तिला जो पट्टा लावतात, तो मी. बंदूक आता माझ्याजवळ नाही. ती पोलिसांच्या ताब्यात आहे आणि मी इथे, धामापूरच्या तळ्यापासून कोसभर आत, मंगेश धुरी यांच्या बागेतल्या मांगरात खिळ्याला लोंबतो आहे. मांगर म्हणजे बागेतली कौलारू झोपडी. फवारणीचा पंप, आंबे उतरवायच्या लांब काठ्या, रिकामे क्रेट आणि मी, असे आम्ही तिथे राहतो.

माझा खिळा नेमका दारासमोर आहे. त्यामुळे मला काजूची झाडे दिसतात, विहीर दिसते, हद्दीचा दगडी गडगा दिसतो आणि गडग्याच्या पलीकडे फर्नांडिसांचा उंच रायवळ आंबा दिसतो. त्या झाडाकडे मला बघायचे नसते. पण खिळ्याला लोंबणाऱ्याने मान फिरवायची तरी कशी? दुपारचे चार वाजले की माझ्यावर वजन येते. ओळखीचे, बंदुकीचे वजन. मी ताणला जातो आणि बक्कल करकरते. घरच्या माणसांना वाटते वारा आला. वारा नसतो, हे मला ठाऊक आहे.

घाबरू नका, मी भुताची गोष्ट सांगणार नाही. जे झाले ते भर दुपारी, लख्ख उन्हात आणि चांगल्या माणसांच्या हातून झाले. म्हणूनच ते मला सोडत नाही.

माझा जन्म सावंतवाडीचा. एका म्हाताऱ्या कारागिराने म्हशीच्या जाड कातड्यातून मला कापले, दोन्ही कडांना मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घातले आणि पितळी बक्कल बसवले. मंगेश धुरी तेव्हा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन नुकतेच गावी आले होते. त्यांनी रीतसर अर्ज केला, चौकशा झाल्या, शेरे पडले आणि पिकाच्या राखणीसाठी त्यांना बावीस बोअरच्या एका रायफलीचा परवाना मिळाला. कागदावर ती रायफल होती. गावात तिला सगळे बंदूकच म्हणत, आणि मीही तेच म्हणतो. दुकानात कापडी पट्टे टांगलेले होते. मंगेश म्हणाले, "फौजेत बावीस वर्षे कापडीच वापरला. आता माका चामड्याचो होयो." आणि मी तिच्या अंगावर चढलो.

मी गर्विष्ठ आहे, हे आधीच कबूल करतो. महिन्यातून एकदा मंगेश मला खोबरेल चोळीत. दसऱ्याला बंदुकीची पूजा होई तेव्हा एक फूल तिच्या दस्त्यावर आणि एक माझ्या बक्कलावर ठेवले जाई. ते फूल मिळाल्यावर तर मी दोन दिवस कुणाशी बोलत नसे. म्हणजे एरवीही बोलत नसे, पण ते दोन दिवस मुद्दाम.

मंगेश कागदांच्या बाबतीत फार काटेकोर होते. परवान्याचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि तो डबा कपाटात. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलेली. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, मग ती निवडणूक ग्रामपंचायतीची का असेना. अशा वेळी मी आणि बंदूक महिना दीड महिना ठाण्याच्या खोलीत इतर गावांच्या बंदुकांबरोबर पडून असू. सुगंधाबाई, म्हणजे मंगेशच्या पत्नी, चेष्टेने म्हणत, "माझ्या पाटल्यांची पावती खंय आसा देवाक ठावक, पण बंदुकीच्या कागदांका काय वाळवी लागाची नाय."

आमच्या गावात काहीही मागितले की मिळते. शिडी, मोठी पातेली, पाण्याचा पंप, बैल असतील तर बैल. एकाचे ते सगळ्यांचे. एकदा वरातीत बार काढायला म्हणून दोघे बंदूक मागायला आले. सरपंचांचा शब्द घेऊन आले होते. मंगेशनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "ही शिडी नाय रे, मागल्यार देवक. हिच्यार माझा नाव आसा, आणि ती माझ्याच हातात रवतली." ते रुसून गेले. मंगेशना काही वाटले नाही. मला मात्र फार अभिमान वाटला.

आणि मित्रांनो, त्यांची एक रीत होती. आमच्याकडे माकडांचा ताप फार. एक टोळी बागेत शिरली की तासाभरात वर्षाची मेहनत मातीत जाते. त्यांना मारायचे नसते, हवेत एक बार काढला की ती पळतात. पण बार काढण्यापूर्वी मंगेश हाळी घालीत. तोंडाभोवती दोन्ही हात धरून मोठ्याने ओरडत, "कोण आसा रेऽऽ?" एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी थांबत. काजू गोळा करणारी बाई, लाकडे तोडणारा गडी, जो कोणी आसपास असेल तो ओरडून सांगे, आणि तो बाजूला होईपर्यंत चापावर बोट जात नसे.

गडग्यापलीकडचे पेद्रू फर्नांडिस या हाळीला न चुकता उत्तर देत. ते मंगेशच्याच वयाचे, हसरे, भात आणि आंबे करणारे, आणि त्यांची बायको इमेल्डा गावच्या शाळेत शिकवायची. पेद्रू कधी खरोखर झाडाखाली असत, कधी घरात पाटावर जेवत असत. जेवत असले तरी तिथून ओरडत, "राजा जेवता रेऽऽ, काढ बार!" मग मंगेश हसत आणि बार काढत. वीस-बावीस वर्षे हे असेच चालले होते.

तीन वर्षांपूर्वी मंगेशच्या मुलीचे, संचिताचे लग्न झाले. जावई प्रीतम गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीचा. गोव्यात औषधांच्या कारखान्यात नोकरीला. तो वाईट नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे, कारण मी त्याचा मनापासून द्वेष केला आहे. तो सासूला नारळ खवून द्यायचा, बंद पडलेला पंप दुरुस्त करायचा, पेद्रूंबरोबर तासन्‌तास पत्ते खेळायचा. पण नव्या वस्तूंचा त्याला भारी सोस. पहिल्या दिवाळीला आला आणि बंदूक बघून खूश झाला. आणि मला बघून म्हणाला, "बाबा, ह्यो पट्टो पणजोबाच्या काळातलो काय?"

त्या दिवसापासून आमचे वाकडे आले.

पुढच्या खेपेला तो मोबाईलवर चित्रेच घेऊन आला. नायलॉनचा हलका पट्टा, बंदूक टेकवायचे दोन पायांचे स्टॅंड, लांबचे जवळ दाखवणारी दुर्बीण आणि नळीच्या तोंडावर बसवायची आणखी एक नळी. मंगेश चष्मा लावून एकेक बघत होते. शेवटच्या चित्रावर त्यांनी विचारले, "ह्या काय?"

"आवाज येवचो नाय ह्या लावल्यार."

"अरे, आवाजासाठीच तर बार काढतंव!" मंगेश हसले. तरी त्यांनी कोल्हापूरच्या एका परवानाधारक दुकानदाराला फोन केला. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मीही ऐकले. दुकानदार म्हणाला, "ती नळी परवान्याशिवाय जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे, हवालदारसाहेब. नाव काढू नका. दुर्बीण चालेल, पण बसवायला रायफल घेऊन तुम्ही स्वतः या, परवान्याचं पुस्तक घेऊन. जावयांच्या हाती पाठवू नका. त्यांचं नाव नाही ना तुमच्या परवान्यावर?"

"नाय. चढवून घेतलंय म्हणान समजा."

"समजून चालत नाही. आणि एक विचारू का? माकडं हाकलायला दुर्बीण कशाला?"

मंगेश जरा ओशाळले. "जावयबापूंची हौस," ते म्हणाले.

इथे तुम्हाला आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. तो आला की सुरमईचा मधला तुकडा त्याच्या पानात, नवी चादर त्याच्या पलंगावर. सासरा त्याला अहो-जाहो करतो. ज्या माणसाने सरपंचाच्या शब्दाला भीक घातली नव्हती, तो माणूस या जावयापुढे मेणाहून मऊ होई. फक्त एकदा त्यांनी त्याला अडवले. प्रीतमला बंदूक गोव्यात नेऊन मित्रांना दाखवायची होती. मंगेश म्हणाले, "परवानो महाराष्ट्रापुरतो आसा. इन्सुलीचो नाको ओलांडलो काय ती बंदूक माझी नाय आणि तुमचीय नाय, ती चोरीची." प्रीतमचे तोंड उतरले. संध्याकाळपर्यंत तो गप्प होता. संचिता गप्प, सुगंधाबाई गप्प. मंगेशना ते फार लागले. मला वाटते, पुढचा नकार त्यांच्या तोंडून निघाला नाही तो यामुळेच.

कोल्हापूरला जाऊन दुर्बीण बसवली गेली. नायलॉनचा पट्टा टपालाने आला. प्रीतमने माझे बक्कल सोडले आणि मला या खिळ्यावर अडकवले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी बंदुकीवाचून होतो. ती समोर भिंतीला उभी, अंगावर काळा चकचकीत नायलॉन, डोक्यावर दुर्बीण. मला कोणी खोबरेल लावले नाही. दसऱ्याला फूल त्या नायलॉनला मिळाले. मी रोज मनात म्हणायचो, या दुर्बिणीचे वाटोळे होवो. बोलाफुलाला गाठ पडते म्हणतात. मोठ्या माणसांनी मला समजवावे की तसे काही नसते. मला अजून कोणी समजावलेले नाही.

प्रीतमचे नाव परवान्यावर घालता येईल का, हे मंगेशनी कचेरीत विचारलेही होते. तिथल्या बाईंनी सांगितले होते, "अर्ज करा, त्यांची चौकशी होईल, मग बघू. तोवर शस्त्र त्यांच्या हातात जाऊ देऊ नका." मंगेशनी फॉर्म आणला. तो त्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. मग काजूचा हंगाम आला, मग आंब्याचा, मग कुणाचे तरी लग्न. कॅलेंडरवर लाल गोल करणारे मंगेश या एका कागदाला "पुढच्या खेपेक" म्हणत राहिले. आपलाच माणूस, त्यात काय एवढी घाई!

गेल्या मे महिन्यात संचिता माहेरी आली. तिला सातवा महिना होता. प्रीतम चार दिवसांची रजा घेऊन आला. त्या दिवशी सकाळी माकडांनी फणस फोडून टाकले होते. ती परत येणार म्हणून दुपारी मंगेश बंदूक भरून मांगरात बसले. प्रीतम सोबत होता.

साडेतीनच्या सुमारास मी पेद्रूंना रायवळ आंब्यावर चढताना पाहिले. त्या झाडावर लाल मुंग्या फार. आम्ही त्यांना हुमले म्हणतो, आणि ते कडकडून चावतात. म्हणून पेद्रू नेहमी डोक्यावरून खांद्यावर गोणपाट पांघरून चढत. तसेच ते चढले आणि दाट पाल्यात दिसेनासे झाले. मांगरातल्या दोघांची दाराकडे पाठ होती. मंगेश जावयाला दुर्बिणीची काच पुसून दाखवत होते. पेद्रूंना चढताना पाहिले ते फक्त मी.

"पंप चालू करून येतंय," मंगेश म्हणाले. प्रीतमने हात पुढे केला. मंगेश क्षणभर थांबले. मी तो क्षण पाहिला आहे, मित्रांनो, तो चांगला लांब होता. मग त्यांनी बंदूक त्याच्या हातात दिली. "दुर्बिणीतसून बघा फक्त. चापाक हात लावू नकात."

मंगेश विहिरीकडे गेले. पंप सुरू झाला. इतक्यात रायवळाची फांदी हलली. प्रीतमने बंदूक खांद्याला लावली आणि डोळा काचेला. झाड दूर होते तोवर ते अख्खे झाड होते, खाली ठेवलेली टोपली होती, बुंध्याशी काढलेल्या चपला होत्या. काचेत त्यातले काही नव्हते. काचेत होता फक्त तळहाताएवढा तपकिरी, केसाळ तुकडा.

बार झाला. झाडावरून माणसाचा आवाज आला. "सायबा!" देवाला मारलेली एवढी एकच हाक, आणि मग गडग्यावर काहीतरी जड पडल्याचा आवाज.

मंगेश धावत आले तेव्हा प्रीतम होता तिथेच उभा होता. "माका केस दिसले, बाबा," तो सारखा म्हणत होता. "माकडाचे केस दिसले." मंगेशनी त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली. एकदा झाडाकडे पाहिले. मग लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी जावयाला अरे-तुरे केले. "आयक. बार माझ्या हातान सुटलो. तू हय नव्हतस. तू घराकडे होतस. संचिताक ताच सांगायचा. कळला? जा!"

प्रीतम गेला. मला वाटले होते तो जाणार नाही. पण तो गेला.

पेद्रूंना गाडीत घालून कणकवलीला नेले. इमेल्डा मागे बसली होती, त्यांचे डोके मांडीवर घेऊन. कणकवली यायच्या आधीच ते गेले. मंगेश तिथूनच पोलिसांकडे हजर झाले आणि ठरवले होते तेच त्यांनी सांगितले. लिहून घेणाऱ्याला शंका यायचे कारण नव्हते. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा, बाग त्यांची आणि माणूस असा, की गावात कोणी त्याला खोटारडा म्हणणार नाही.

जामिनावर सुटून ते घरी आले. घरात बसवेना म्हणून रोज मांगरात येऊन बसत. एकदा त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि नुसतेच खांद्यावर घातले. खांदा आपोआप खाली झुकला, जणू खरेच काही अडकवले आहे. मग त्यांनी मला घाईघाईने परत अडकवले आणि हात धोतराला पुसले. मी एवढा जुना झालो, पण माझा स्पर्श कोणाला नकोसा झाला तो त्या दिवशी पहिल्यांदा. प्रीतमने रजा वाढवली होती. तोही येऊन उंबऱ्यावर बसे. दोघे एकमेकांशी बोलत नसत. बाहेर झाडावर आंबे पिकत होते आणि गडग्यापलीकडून कोणी ओरडत नव्हते.

पेद्रूंसाठी चर्चमधली सातव्या दिवसाची प्रार्थना झाली आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इमेल्डा मांगरात आली. काळा झगा, पायात पेद्रूंच्या चपला. मंगेश उठून उभे राहिले.

"मंगेशदादा," ती म्हणाली, "माका एकच सांग. त्या दिवशी हाळी घातलंस?"

मंगेश क्रेट सरकवून तिला बसायला जागा करू लागले.

"गाडयेत ते तीनच शब्द बोलले. 'हाळी आयकूक नाय.' शेवटपर्यंत ताच. माका वाटला, वेदनेन बडबडतत. मगे कळला. इतकी वर्सां तू हाळी घातल्याबगर बार काढूक नाय. मगे त्याच दिवशी कसो काढलंस?"

"चूक झाली, बाय. माझी चूक झाली."

"ही चूक तुझी न्हय." ती उंबऱ्यावरच्या प्रीतमकडे बघत नव्हती, पण बोलत होती ती त्याच्याशीच. "जीव गेलो तो परत येवचो नाय, माका कळता. पण चर्चात मी गुडघे टेकून बसतंय. पाद्री म्हणतत, माफ कर. कोणाक माफ करू? तुका करू, तर ता खोटा. कोणाक माफ करूचा ता तरी माका कळाक नको?"

मग प्रीतम उठला.

"बंदूक माझ्या हातात होती, मावशी."

"प्रीतम!" मंगेश ओरडले.

"नाय बाबा. माझा पोर जन्माक येतला. त्येचो आजो माझ्या गुन्ह्यापायी जेलात गेलो, ह्या त्येका कोण सांगतलो? मी?"

तुम्हाला वाटेल, इमेल्डाने त्याला जवळ घेतले असेल. गोष्टींत तसे होते. इथे तसे झाले नाही. तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. "बरा," ती म्हणाली. "आता माका ठावक तरी झाला. माफ करूक जमता काय नाय, ता मी मगे बघतंय." आणि ती गडग्यावरून परत गेली, ज्या जागी पेद्रू पडले होते ती जागा टाळून.

दुसऱ्या दिवशी दोघे ठाण्यात गेले. परवाना स्थगित झाला होता आणि बंदुकीचे घरी राहिलेले सामान आणून द्यायला सांगितले होते. म्हणून मंगेशनी उरलेल्या गोळ्या, नळी साफ करायची सळई आणि मला वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतले. अधिकाऱ्यासमोर आधी प्रीतमने सांगितले. मग मंगेशनी. ते फौजेत बोलावे तसे ताठ उभे राहून, शुद्ध मराठीत बोलले.

"बंदूक मीच त्याच्या हातात दिली. त्याचं नाव परवान्यावर नाही, हे मला माहीत होतं. अर्जाचा फॉर्म घरात पडून आहे. जावयाला नाही म्हणता आलं नाही, साहेब. नंतर खोटंही मीच बोललो."

अधिकारी वयाने तरुण होते. त्यांनी पेन खाली ठेवले. "हवालदार," ते हळूच म्हणाले, "कायद्यात जावई असा शब्द नाही." मग त्यांनी पेन उचलले आणि सगळे पहिल्यापासून लिहून घेतले.

सामानाची यादी करणाऱ्या शिपायाने गोळ्या मोजल्या, सळई बाजूला ठेवली आणि मला उचलले. "हा त्या दिवशी रायफलीला होता?"

"नाही," मंगेश म्हणाले. "हा खिळ्यावर होता."

"मग परत न्या. पट्ट्याला काही परवाना लागत नाही. आणि याचा या गुन्ह्याशी काही संबंध नाही."

संबंध नाही! मित्रांनो, त्या दिवशी ठाण्यातून मोकळा सुटलेला मी एकटाच. मंगेशवर गुन्हा, प्रीतमवर गुन्हा, बंदूक आणि दुर्बीण लाखेच्या मोहरांत. त्या नायलॉनच्या पट्ट्यावरसुद्धा चिठ्ठी बांधून ठेवली आहे. मला मात्र वर्तमानपत्रासकट परत पाठवले.

पुढचे थोडक्यात सांगतो. परवाना कायमचा रद्द झाला. कोर्टात तारखा पडतात, दोघे एकाच बसने जातात आणि येतात. प्रीतमची नोकरी गेली, तो आता इन्सुलीत वडिलांबरोबर शेती करतो. संचिताला मुलगी झाली. सुगंधाबाईंनी शेजारी पेढे वाटले, पण गडग्यापलीकडे कसे न्यायचे ते त्यांना कळेना, म्हणून त्या पेढ्यांचा पुडा दोन दिवस मांगरात पडून राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या. या वर्षी त्या रायवळ आंब्यावर कोणी चढले नाही. माकडे येतात, पोटभर खातात आणि निवांत निघून जातात. मंगेश मांगरात बसून बघत राहतात. माकडांना कोणी हाकलत नाही.

आता माझी जबानी. ती कोणीच घेतली नाही, म्हणून तुम्हाला देतो. पेद्रू झाडावर आहेत हे त्या वेळी मांगरात फक्त मला ठाऊक होते. बंदूक वर उचलली गेली तेव्हा मी जिवाच्या आकांताने थरथरायला हवे होते, खिळ्यावरून खाली पडायला हवे होते. पट्टा पडला असता तरी प्रीतमने मागे वळून पाहिले असते. पण खरे सांगतो, त्या क्षणी मी पेद्रूंचा विचारच करत नव्हतो. मी त्या नायलॉनकडे बघत होतो. तो तिच्या अंगावर किती ढिला बसला आहे, त्याला माझी सर कशी नाही, हेच माझ्या मनात होते. कोणीही मला दोष देत नाही. पण चार वाजले की वजन येते ते माझ्यावरच.

म्हणून एक मागणे आहे. मी कातड्याचा तुकडा, मला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरात बंदूक असेल, किंवा बंदूक नसून मोटार असेल, आणि ज्याचे नाव कागदावर नाही अशा हातात ती कौतुकाने दिली जात असेल, तर मध्ये बोला. तो हात घरातल्या सगळ्यात लाडक्या माणसाचा असेल तर आधी बोला. मोठी माणसे रागावतील, पाहुणा रुसून बसेल. रुसू द्या. रुसलेला माणूस रात्री जेवायला येतो. बार झाला त्या दिवशी इमेल्डाने पेद्रूंच्या रात्रीच्या जेवणासाठी बांगड्याचे तिखले, म्हणजे तिखट कालवण, करून झाकून ठेवले होते. ते तिसऱ्या दिवशी सुगंधाबाईंनी तिच्या स्वयंपाकघरातून काढून माडाच्या मुळाशी ओतले आणि टोप घासून जागेवर ठेवला.